ड्रेनच्या तोंडातलं बूच

दादासो फिटरचं काम ओळखायला त्याची सही लागत नसे. कागल रस्त्यावरच्या कुठल्याही कारखान्यात जावं आणि पाईपाच्या जोडाकडं नीट बघावं. आट्यांच्या कडेला सफेद्याच्या पांढऱ्या लेपाची बारीक रेघ आणि तिच्यातून डोकावणारे सुताचे एकदोन केस दिसले, की समजायचं, इथं दादासो येऊन गेलाय. जोड गळू नये म्हणून सूत भरायचं सोडून बाकीचे फिटर कधीच पांढऱ्या टेपेवर गेले होते. टेपेचे दोन वेढे मारले, की झाला जोड. दादासोला त्या टेपेचा असा राग, की कुणी पुढ्यात गुंडाळायला लागला तर हातातून हिसकावून घ्यायचा. "आटा कोरडा लावायचा न्हाय, सुतावर लावायचा," असं ओरडून सांगायचा. आवाज मुळातच मोठा. बॉयलरजवळ उभं राहून ओरडण्यात जन्म गेल्यावर घरी बायकोला चहा मागितला तरी शेजारच्या गल्लीत ऐकू जाणारच.

गरीब बिचारा वगैरे दादासो अजिबात नव्हता. भांडखोर होता. स्वतःच्या कामाचं कौतुक स्वतःच्याच तोंडानं करायचा आणि दुसऱ्यानं केलं तर लाजायच्या ऐवजी त्यात भर घालायचा. पण हात सोन्याचा होता, त्यामुळं लोक सगळं ऐकून घेत.

त्या रस्त्यावर एक खासगी डेअरी आहे. तिथलं पाईपाचं सगळं काम वर्षानुवर्षं दादासोकडं होतं. तो कायम कामगार नव्हता, बोलावलं की जायचा. त्याला तिथं पहिल्यांदा नेलं तानूबाईनं. तानूबाई डेअरीत झाडलोट करायची. दादासोच्या आईची ती मैत्रीण, एकाच गल्लीतली. आई गेल्यावर दादासोला 'दादू' म्हणणारी तेवढीच एक उरली होती. "आमच्या दादूला एकदा बोलवून तरी बघा," म्हणून तिनंच साहेबांचं डोकं खाल्लं होतं.

आणि डेअरीत त्याला मिळाला कृष्णात.

कृष्णात तिथला बॉयलरवाला, कायम नोकरीतला. पहिल्या आठवड्यात जेवणाच्या सुट्टीत सगळे गोल करून बसले, तेव्हा दादासो सवयीनं जरा बाजूला, पंपाच्या कट्ट्यावर बसला. अशा वेळी कुणी काही बोलत नाही. 'इकडं ये' म्हणत नाहीत आणि 'तिकडं बस' असंही म्हणत नाहीत. कृष्णात उठला, दादासोच्या शेजारी येऊन टेकला आणि न विचारता त्याच्या डब्यात हात घालून भाकरीचा तुकडा मोडला. तोही डावा हात! कृष्णात जन्माचा डावखुरा. दादासो त्याच्याकडं बघतच राहिला आणि मग खो खो हसत सुटला. "आरं मर्दा, माझ्या डब्यात हात घालणारा तू पयलाच, आन त्यो बी डावा?" त्या दिवसापासून दोघांचा डबा एक झाला. दादासोच्या घरची वांग्याची भाजी कृष्णात खायचा आणि कृष्णातच्या बायकोचा खर्डा दादासो. जग बदललं म्हणून लोक भाषणं ठोकतात. दादासोला ते त्या भाकरीच्या तुकड्यानं पटलं होतं.

त्यानं कृष्णातला हातचं काही राखून ठेवलं नाही. सूत कसं विंचरायचं, सफेदा कसा चोळायचा, सगळं शिकवलं. फक्त एक गोष्ट कृष्णातला कधी जमली नाही. डाव्या हातामुळं तो सूत उलट्या बाजूनं गुंडाळायचा. सूत आट्यांच्या पिळाबरोबर गेलं तर आवळताना आत बसतं. उलटं गेलं तर सुटतं आणि कडेला पिंजारून झुपका होतो. "डावऱ्या, परत उलटं!" म्हणून दादासो त्याच्या डोक्यात टपली मारायचा.

आता त्या पाईपाची गोष्ट.

डेअरीत नवा बॉयलर आला, तेव्हा त्याच्या सेफ्टी व्हॉल्व्हचा पाईप दादासोनं बसवला. बॉयलरमधला दाब हद्दीबाहेर गेला, की हा व्हॉल्व्ह आपोआप उघडतो आणि वाफ सोडून देतो. ती वाफ बाहेर नेणारा हा पाईप. दादासोनं शिल्लक असलेला जरा बारीक पाईप घेतला, भिंतीला धरून देखणी वळणं दिली आणि तोंड दाराबाहेर काढलं. लांबून बघून स्वतःच खूश झाला.

तपासणीला राजारामपुरीतून निशा नावाची इंजिनीअर मुलगी आली. तिनं पाईप बघितला आणि म्हणाली, "मामा, हा कापावा लागेल."

"कापू? कशापाय? आवो, असं काम कोल्हापुरात न्हाय!"

"काम सुंदरच आहे. पण व्हॉल्व्हच्या तोंडापेक्षा पाईप बारीक आहे, वाफ तुंबेल. सगळं वजन व्हॉल्व्हच्या मानेवर लटकवलंय. आणि तोंड दारात. उद्या व्हॉल्व्ह उडाला आणि दारातून कुणी येत असेल तर?"

दादासो भांडला. ती हसत ऐकत राहिली आणि मग तिनं मुख्य गोष्ट सांगितली. पाईप मोठा हवा, भिंतीला स्वतंत्र टेकू हवा, तोंड छपरावर हवं. पण छपरावर उघडं तोंड म्हटलं की पाऊस आत येणार, शिवाय आतल्या वाफेचंही पाणी होणार. ते पाणी खालच्या वळणात साठलं, तर पुढच्या वेळी सुटलेली वाफ त्या पाण्याला असा धक्का देईल, की पाईप मुळासकट उखडेल. म्हणून त्या वळणाला खाली भोक, त्याला पाणी काढणारी वेगळी नळी, म्हणजे ड्रेन, आणि तो गटारीपर्यंत आणून सोडायचा. "त्याला कॉक नाही, टोपी नाही, काही नाही. कायम उघडा. ठिबकलं तर ठिबकू दे."

दादासो घरी गेला, उशिरापर्यंत धुसफुसला आणि सकाळी स्वतःच पाईप कापायला घेतला. पोरीचं बरोबर होतं, हे कळायला त्याला एक झोप पुरली. मात्र एकदा पटल्यावर तो ड्रेन म्हणजे जणू त्याचाच शोध होता. येणाऱ्याजाणाऱ्याला धरून दाखवायचा. कृष्णातला तर तंबीच दिली होती, "बॉयलर तुझ्या ताब्यात, पर ह्या तोंडाला कोण हात लावंल तर त्येचा हात मोडीन."

त्या वर्षी दसऱ्याला दादासो बायकोला घेऊन नागपूरला निघाला, दीक्षाभूमीवर. बरीच वर्षं जायचं जायचं म्हणत होता. दसऱ्याच्या आदल्या दिवशी खंडेनवमी, कारखान्यात यंत्रांची पूजा. दादासो पूजेत नसायचा, पण एरवी त्या दिवशी हजर असायचा, पेढा खायचा आणि तानूबाईच्या रांगोळीला नावं ठेवायचा. तानूबाईही पूजेतली नव्हे. पण "देव कुणाचा का असंना, पाटाम्होरं रांगोळी पायजे" हा तिचा हट्ट. जाताना दादासोनं डेअरीच्या कामासाठी तिथंच ठेवलेल्या हत्यारांच्या पेटीची किल्ली कृष्णातच्या हातावर ठेवली. "काय लागलं तर घे. फकस्त पान्हं जाग्यावर ठेव."

परत आल्यावर इचलकरंजीचं मोठं काम लागलं आणि डेअरीकडं फिरकायला झालंच नाही. परतीचा पाऊस यंदा झोडपून पडला. दिवाळी आली. श्रीखंडाची, खव्याची गडबड, बॉयलर दिवसभर पेटलेला. अशाच एका सकाळी कृष्णातचा फोन आला. तो रडत होता.

"दाद्या, तानूमावशी भाजली रं. पाईप फुटला."

दादासो दवाखान्यात पोचला तेव्हा तानूबाई पालथी झोपलेली होती. पाठ आणि पाय पट्ट्यांत गुंडाळलेले. ती बॉयलरसमोर फरशी पुसत होती, व्हॉल्व्ह उडाला आणि पाईपाचं तेच वळण तुटून उकळतं पाणी अंगावर आलं. दादासोला बघून तिनं मान वळवली आणि क्षीण आवाजात विचारलं, "पाईपात बूच का मारलंस रं, दादू?"

"कसलं बूच, मावशी?"

"सगळी म्हणत्यात की. तुझ्या नळीच्या तोंडात बूच हुतं म्हणून पाणी तुंबलं."

 डेअरीचं काम जाण्याचं भय दादासोला नव्हतं. कामं बख्खळ होती. पण ही म्हातारी त्याच्या हातानं भाजली, असं ती मानत होती. त्याच्या कामावर पैज लावून ज्या बाईनं त्याला उभा केला, तिच्या मनात हे असून चालणार नव्हतं.

तो तसाच डेअरीत गेला. मॅनेजर अमरसिंहांच्या टेबलावर, कागदावर ते बूच, म्हणजे आट्यांचा प्लग, ठेवला होता. ड्रेनच्या खालच्या तोंडातून काढलेला, लोखंडी, दादासोच्याच पेटीतला. आट्यांवर सूत आणि सफेदा.

"दादासो, हे काम तुमचं नाही म्हणता?" अमरसिंह म्हणाले. "कोल्हापुरात सूत दुसरं कोण वापरतंय?"

दादासोनं प्लग उचलला. आट्यांत सूत बसलेलंच नव्हतं. सगळं सुटून कडेला पिंजारलं होतं, मोठा झुपका. त्यानं मान वर केली आणि दाराशी उभ्या असलेल्या कृष्णातकडं बघितलं. तो आता बोलेल, असं त्याला वाटलं. मग वाटलं, घाबरलाय, जरा वेळानं बोलेल.

कृष्णात बोलला. "दादासोचंच सूत हाय की, साहेब. दुसऱ्या कुणाचं आसणार?"

दादासोनं प्लग परत कागदावर ठेवला. बाहेर जमलेल्यांतून कुणीतरी म्हणालं, "पूजेला येत न्हाय, तरीच यंत्र कोपलं." अंगाशी आलं की माणसाला बरोबर जुनी जात आठवते. इतकी वर्षं दादासोच्या डब्यातली भाजी मागून खाणारी तोंडं होती ही!

अमरसिंहांनी विषय संपवला. उद्या सकाळी निशा मॅडम येणार होत्या, त्यांचं मत घेऊन ठरवायचं. तोवर प्लग इथंच राहू दे, म्हणाले.

खरं तर दादासोनं तिथंच सगळ्यांसमोर झुपका दाखवायला हवा होता. निदान निशाला फोन तरी. पण तो गेला कुठं, तर संध्याकाळी उचगावला, कृष्णातच्या घरी. मित्राची चूक चावडीवर नेण्याआधी त्याच्या दारात न्यायची, ही त्याची रीत. याला शहाणपण म्हणा नाहीतर खुळेपण.

कृष्णातच्या बायकोनं चहा दिला आणि ती आत गेली. दादासो सरळ म्हणाला, "कवा मारलंस?"

कृष्णातनं लपवलं नाही. खाली बघत सांगितलं, "खंडेनवमीला, सकाळच्याला. कोण आलं नव्हतं. ड्रेन ठिबकून मावशीची रांगोळी भिजत हुती. पूजा झाली की काढणार हुतो. मग परसाद, दुसऱ्या दिशी सोनं वाटायची गडबड... ऱ्हायलंच."

"आरं, पाट सरकवायचा हुता की रं! दोन हात लांब मांडला आसता तर काय देव उठून गेला आसता?"

"साहेबानं नवी फरशी गटारीच्या कडंलाच घातलीया. पूर्वेला तोंड पायजे म्हणाला."

दादासो कपाळाला हात लावून बसला. मग म्हणाला, "हे बघ. सूत उलटं हाय. डावऱ्याचं. कडंला झुपका झालाय, तुला म्हायती हाय ते. उद्या मॅडमना मी दावलं, तर तू चूक केलीस आन वर खोटं बोललास आसं हुईल. त्यापरास तूच सांग. चुकून झालं म्हण. तुला मारत न्हाईत. मी बी तुझ्या बाजूनं बोलतो."

 कृष्णातनं दादासोचा हात धरला. "व्हय. सांगतो. मीच सांगतो, भावा."

दादासो त्या रात्री शांत झोपला. बायकोला म्हणाला, घाबरलेला माणूस हाय, पर मनानं वाईट न्हाय.

सकाळी अमरसिंहांच्या खोलीत निशा आधीच आली होती. टेबलावर तोच कागद होता आणि त्यावर तोच प्लग. पण आता तो लखलखत होता. तारेच्या ब्रशनं घासलेला, रॉकेलनं धुतलेला. एकेक आटा मोजून घ्यावा असा स्वच्छ. सुताचा धागा नव्हता.

"मॅडम बघणार म्हणून घासून ठेवला," कृष्णात म्हणाला. कुणी विचारलं नव्हतं तरी म्हणाला.

 काल खोटं बोलला तो भीतीनं, हे दादासोनं पोटात घातलं होतं. पण घासणं हे भीतीचं काम नव्हतं. त्यासाठी सकाळी लवकर उठून यावं लागतं, ब्रश शोधावा लागतो आणि काय पुसायचं ते ठाऊक असावं लागतं. ते त्याला दादासोनंच, चहा पीत, सांगितलं होतं.

"मॅडम, ह्येच्यावर सूत हुतं. उलटं गुंडाळल्यालं. डावऱ्या हाताचं." दादासोचा आवाज फुटला, पण चिरका फुटला.

निशानं प्लग फिरवून बघितला. "कुठे आहे, मामा?"

"काल हुतं! साहेब, तुमी बघितलं न्हवं का?"

"सूत होतं," अमरसिंह म्हणाले. "उलटं-सुलटं आम्हाला काय कळतंय? आणि सूत तुमचंच की."

दादासो कृष्णातकडं वळला. "काल सांजला घरात म्हणालास की, सांगतो म्हणून!"

कृष्णातनं त्याच्या डोळ्यांत बघितलं. काल बघितलं नव्हतं, आज बघितलं. "काय म्हणालो?" एवढंच बोलला.

निशाचा चेहरा पडला होता. तिला काहीतरी उमगलं असावं. "मला जे दिसतं तेवढंच लिहिता येतं, मामा," ती म्हणाली. दादासोनं तिला दोष दिला नाही. त्याला भांडायचं होतं ते तिच्याशी नव्हे. "मी नागपूरला हुतो, किल्ली ह्येच्याकडं हुती," एवढं त्यानं सांगून बघितलं, पण बूच खंडेनवमीला मारलं, हे कृष्णातखेरीज कोण सांगणार? उभ्या जन्मात पहिल्यांदाच तो भांडण अर्धं सोडून निघाला.

डेअरीचं काम गेलं. पेटी न्यायला गेला तेव्हा कृष्णातनं खिशातून किल्ली काढून पुढं केली. डाव्या हातानंच. दादासोनं ती घेतली. पेटीत पान्हे सगळे जागच्या जागी, पुसून ठेवलेले होते.

तो पेटी सायकलला बांधून दवाखान्यात गेला. बाकी जग काय म्हणायचं ते म्हणू दे, मावशीला खरं सांगायचंच, एवढं ठरवून गेला. तानूबाई आता कुशीवर वळू शकत होती. उशाशी स्टीलचा डबा होता. कडेला पोचा पडलेला तो डबा दादासोनं लांबूनच ओळखला. वर्षानुवर्षं त्यानं त्यातला खर्डा खाल्ला होता.

"ये, दादू," म्हातारी म्हणाली. आवाजात राग नव्हता. "बस हितं. कृष्णात येऊन गेला आत्ताच. रोज डबा आणतोय बिचारा. कोण कुणाचा, पर पोटच्या पोरावाणी करतोय."

"मावशी, मला तुला एक सांगायचं हाय."

"मला म्हायती हाय तू काय सांगणार ते." तिनं त्याचा हात धरला. "कृष्णात म्हणाला मला. रडला बी माझ्याम्होरं. म्हणाला, मावशी, दादासोला माफ कर, चूक हुतीया माणसाकडनं. किती जीव हाय बघ त्येचा तुझ्यावर."

दादासोनं मान हलवली. "मावशी, ते मी न्हाय केल्यालं."

"आसूं दे रं, आसूं दे." तिनं त्याच्या हातावर थोपटलं. "आता कशाला लपवतोस? मी केलं न्हवं माफ? त्येच्या शब्दाखातर केलं. तुझ्या आईला वर गेल्यावर काय तोंड दावू, मनात राग ठिवून?"

मग तिनं डबा ओढला, कृष्णातच्या घरची भाकरी अर्धी मोडली आणि त्याच्या हातात दिली. "खा. उपाशी दिसतोयस."

दादासो ती भाकरी हातात धरून खाटेच्या कडेला बसून राहिला. ती त्याला खाववेना, आणि म्हातारी बघत होती म्हणून खाली ठेववेनाही.